फॅशनचा सल्ला सोलापूरच्या उन्हात टिकेल असा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं फॅशनचं पान मी नेमानं बघते. बघावंच लागतं. अंक दुकानात पडलेला असतो, ब्लाऊज न्यायला आलेल्या बाया थांबल्या थांबल्या तो चाळतात आणि मग फोटोवर बोट ठेवून म्हणतात, "अक्का, मला असंच शिवून द्या की." म्हणजे पान तुम्ही छापता आणि त्याचा निकाल माझ्या कटिंगच्या टेबलावर लागतो. तेव्हा त्या पानाबद्दल दोन गोष्टी बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, रस्त्यावर मराठी, गिऱ्हाइकाशी कधी कानडी. वडील मागावर चादरी विणायचे. मी गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला लागले, तिथून कटिंगला गेले आणि आता स्वतःचं लहानसं लेडीज टेलरिंगचं दुकान चालवते. शिकले ते सगळं कात्री आणि टेपवर. पण सोलापुरात शिवलेला गणवेश देशभरातल्या शाळांत जातो, आणि तो वर्षभर रोज धुऊन, वाळवून, ओढून, मैदानात लोळवून टिकावा लागतो. त्या कामात जी नजर तयार होते ती मासिकं वाचून येत नाही.

तक्रारीला निमित्त झालं ते आपलं 'इंटरव्ह्यूला जाताना' हे पान. सल्ला काय, तर ऑफ-व्हाइट लिनन पँट, वर ब्लेझर, आत सॅटिनचा टॉप आणि पायात उंच टाचेची सँडल. पान आलं एप्रिलात! संपादक महोदय, एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिसाच्या पुढे जातो. लेख लिहिणारी व्यक्ती गाडीतून उतरून थेट एसीत शिरणारी असणार. माझ्याकडे येणारी पोरगी सात रस्ता चौकापर्यंत स्कूटीवर जाते, तीही तोंडाला स्कार्फ गुंडाळून. पुण्याला मुलाखत असली तर पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस धरते, चार तास खिडकीशी बसते आणि स्टेशनवरून रिक्षाने परस्पर कंपनीच्या गेटवर उतरते. लिनन चार तास बसल्यावर कशी दिसते हे ज्यानं पाहिलंय तो मुलाखतीला लिनन सुचवणार नाही. मांडीवर आणि गुडघ्यामागे पडलेली सुरकुती इस्त्रीशिवाय जात नाही, आणि कंपनीच्या बाथरूममध्ये इस्त्री नसते.

अशा पोरीला मी काय सांगते ते लिहिते, म्हणजे फरक कळेल. पँटला गणवेशाचं सूटिंग घ्या, पॉलिस्टर-व्हिस्कोस मिश्र. आपल्याच गावात मिळतं. व्हिस्कोसमुळे ते शंभर टक्के पॉलिस्टरइतकं अंगाला चिकटत नाही, पॉलिस्टरमुळे चुरगळत नाही. रंग गडद निळा किंवा राखाडी, कारण गाडीतल्या सीटचा डाग त्यावर दिसत नाही. वर सुती कुर्ता, पण अगदी तलम मलमल नको. जरा भरीव विणीचा, कोपरापर्यंत बाही. बगलेत आतून सुती कापडाची छोटी पट्टी लावून घ्या. घाम पट्टी पिते, बाहेर ओला गोल उमटत नाही. ही पट्टी लावायला मला फार तर पंधरा मिनिटं लागतात. ब्लेझरच्या पैशात असे दोन जोड शिवून होतात आणि नोकरी लागल्यावर ते रोज वापरता येतात. ब्लेझर मात्र लग्नाच्या रिसेप्शनपुरता उरतो, तेही डिसेंबरात असेल तर.

आणि एक, जे कुठल्याच पानावर मी वाचलेलं नाही: मुलाखतीचा कपडा आधी एकदा घालून बसून बघावा. उभं राहून आरशात सगळ्याच छान दिसतात. खुर्चीवर बसा, पुढे वाकून फाइल घ्या, हात वर करून रेल्वेचं कडं धरल्यासारखं करा. कुर्ता पोटावर फुगतो का, मागून वर चढतो का, बटणांच्या मधे फट पडते का, तिथंच कळतं. समोरचा माणूस तुम्हाला अर्धा तास बसलेलंच बघणार असतो.

हात वर केला की कुर्ता चढतो, ही तक्रार तर रोजची. बाया म्हणतात, "अक्का, छातीत ढिला करा." छातीत ढिला करून काही होत नाही. दोष असतो मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या कापात. तयार कपडे विकणाऱ्यांना एकच कुर्ता अनेक अंगांना बसवायचा असतो, म्हणून ते मुंढा खोल कापतात. मुंढा जितका खाली, तितका हाताबरोबर सगळा कुर्ता वर ओढला जातो. उलट मुंढा बगलेजवळ नीट वर कापला तर हात मोकळा फिरतो आणि अंगावरचा कपडा हलत नाही. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून माझ्याशी भांडतात. मी म्हणते घालून बघा. दुसरं खांद्याचं. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती दंडावर उतरली तर कितीही महागाचं कापड असो, उसनं आणल्यासारखं दिसतं. छाती, कंबर, उंची मागाहून कमी-जास्त करता येते, आत माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवलेली असली तर. खांदा आणि मुंढा मात्र एकदा कापला की कापला. म्हणून तयार कपडा घेताना आधी हे दोन बघावेत. आपल्या पानावर तर खांद्याचा उल्लेखही मला दिसला नाही, मोत्याच्या कानातल्यांवर मात्र चांगला परिच्छेद होता.

ब्रँडबद्दल. कपडा उलटा करून बघायला वाचकांना शिकवा, लेबल वाचायला त्या आपोआप शिकतात. उलटा केला की टाके मोजा. एका इंचात दहा-बारा टाके असले तर शिवण धरते. सहा-सात असले तर पहिल्याच दिवाळीत उसवणार. कडा ओव्हरलॉक केल्यात का, खालची दुमड किती, काजाची कड विसविशीत आहे का ते बघा. मग कुर्ता दोन्ही खांद्यांना धरून समोर टांगा आणि बाजूच्या शिवणीकडे बघा. ती सरळ खाली आली पाहिजे. कारखान्यात काय होतं ते सांगते. मार्किंग करताना, म्हणजे कापायच्या खुणा करताना, पीस कापडाच्या उभ्या धाग्याला धरून टाकायचा असतो. पण तो जरा तिरका टाकला की दोन पिसांच्या मधली जागा वाचते. एका नगामागे एक सेंटिमीटर वाचला तर दहा हजार नगांत शंभर मीटर कापड वाचतं, आणि मालकाला हा हिशेब तोंडपाठ असतो. नवा असताना इस्त्रीनं सगळं झाकून जातं. चार धुण्यांनंतर कापड आपल्या मूळ धाग्यावर परत येतं आणि डावीकडची शिवण पोटावर येऊन बसते. मग बाई म्हणते माझं अंगच वाकडं. अंग वाकडं नसतं हो, पीस तिरका पडलेला असतो.

धुण्याबद्दल तर आपलं पान मूग गिळून आहे. इथं नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांची वाट बघायची, आणि बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा चोथा कापडात अडकतो आणि पांढरं कापड महिन्याभरात करडं पडतं. पुरवणीतला तो 'प्रत्येकीकडे हवाच' असा पांढरा शर्ट सोलापुरात सांभाळणं म्हणजे हत्ती पोसणं. घ्यायचाच असेल तर शेवटच्या पाण्यासाठी नळाचं पाणी राखून ठेवा आणि चार थेंब नीळ घाला. सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढा, हे मी ओरडून सांगते. पाच टक्के आटणं सुती कापडाला काहीच नाही, आणि चाळीस इंची कुर्त्यात पाच टक्के म्हणजे दोन इंच झाले. गुडघ्याखालचा कुर्ता गुडघ्यावर येतो आणि दोष टेलरवर. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, हेही आपल्याकडे एकदा छापून आलं होतं. रंगाऱ्याकडे कापड रंगत असताना मिठाचा उपयोग असतो. तयार कपड्याला तो नाही. कच्चा रंग कच्चाच राहतो. घेतानाच ओला पांढरा रुमाल कापडावर घासून बघा, रुमाल रंगला तर पुढं चला.

साडीचं थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या, जीन्स-टीशर्ट नको, बायकांना साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा. तेव्हापासून शिक्षिकांचं काम माझ्याकडे वाढलं. त्यांना आपल्या पानाचे बॅकलेस ब्लाऊज काय कामाचे? फळ्यावर लिहिताना दंडात न काचणारी बाही, पुढे कटोरी, आत सुती अस्तर आणि हूक पुढे, एवढं जमलं की बाई दिवसभर पदर सावरत बसत नाही. ज्यांना बॅकलेस हवा त्यांनी जरूर शिवावा, मीही आनंदानं शिवते, पण रोजच्या कपड्याबद्दल लिहायला काही नाही असं समजू नका.

आता चेहऱ्याकडे येते, आणि इथं मला राग आहे. माझ्या दुकानात ट्रायलचा आरसा आहे, वर चांगली ट्यूबलाइट आहे. त्या उजेडात मी पोरींचे चेहरे जवळून बघते. गालावर लाल जाळी, तोंडाभोवती बारीक पुरळ, कानशिलावर लव वाढलेली, उन्हात गेलं की आग. विचारलं की पर्समधून मलमाची ट्यूब निघते. मैत्रिणीनं दिली, मेडिकलमधून आणली, गोरं होतं म्हणे. ट्यूब वाचली की बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल. ही स्टेरॉइडं आहेत, ठरावीक त्वचारोगासाठी डॉक्टरनं ठरावीक दिवस द्यायची. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो खरा, पण आत कातडी पातळ होत जाते, आणि बंद केलं की दुप्पट उसळतं. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. हे पुरवणीत ठळक छापायचं सोडून आपण 'सात दिवसांत उजळ त्वचा' म्हणून लिंबू आणि खायचा सोडा छापता. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून डाग पडतात. सोलापूरच्या उन्हात तर विचारूच नका. अहो, फेअर अँड लव्हलीनं सुद्धा २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढला, आपलं पान अजून तिथंच आहे.

मी डॉक्टर नाही, म्हणून चेहऱ्यावर काय लावावं हे मी सांगत नाही. स्कार्फ मात्र माझ्या हद्दीत येतो. तो जाळीदार जॉर्जेटचा नको. कापड उजेडात धरा, पलीकडचं स्पष्ट दिसलं तर ऊनही पलीकडे जातं. घट्ट विणीचा सुती घ्या, रोज धुवा. सनस्क्रीन लावत असाल तर ३० एसपीएफचं तरी असू द्या आणि दिवसभर उन्हात असलात तर दर दोन तासांनी परत लावा, सकाळी एकदा लावून भागत नाही.

सावळ्या रंगाला फिकट रंग शोभतात, हा सल्ला कोणी सुरू केला कुणास ठाऊक. आमच्या पूर्व भागातल्या म्हाताऱ्या बायांना बघा, उन्हातान्हात कष्ट करून काळ्याभोर झालेल्या, आणि अंगावर इरकलीचं डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, वर लाल पदर. काय उठून दिसतात! फिकट बदामी आणि राख-गुलाबी सावळ्या अंगावर धुळकट दिसतं, ते मासिकातल्या गोऱ्या मॉडेलवरच चांगलं. रंग बघायचा असेल तर दुकानातल्या ट्यूबखाली बघू नका. कापडाचा तागा उचलून दारात या, हनुवटीखाली धरा आणि डोळ्यांखालची वर्तुळं वाढली की कमी झाली एवढंच बघा. नव्या पेठेतले दुकानदार हल्ली कुरकुर करत नाहीत, ताग्यासकट बाहेर येऊ देतात.

गावच्या पोशाखाबद्दल आणखी एक, जाता जाता. संक्रांतीच्या आधी आमच्याकडे बाराबंदी शिवायला येतात, सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजांसाठी. पांढरं सुती, बटण एकही नाही, सगळे बंद बांधायचे. अंगापासून सुटं, बाप घालेल आणि दोन वर्षांनी पोरगाही घालेल. एवढा अवजड ध्वज पेलताना हात आणि छाती मोकळी राहते. आपल्या हवेला आणि आपल्या कामाला साजेसा कपडा कसा असावा हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

शेवटचा मुद्दा करिअरचा. बारावीच्या निकालानंतर आपण 'फॅशनमधील संधी' छापता आणि त्यात डिझायनर, स्टायलिस्ट, मॉडेल, इन्फ्लुएन्सर. निफ्ट, म्हणजे सरकारी फॅशन तंत्रज्ञान संस्था, १९८६ पासून आहे, चांगली आहे, ज्यांना जमेल त्यांनी तिची प्रवेश परीक्षा जरूर द्यावी. पण लाखांतली फी सगळ्या घरांना झेपत नाही, आणि प्रवेश न मिळालेल्या पोरीला वाटतं की दार बंद झालं. बंद कुठलं? आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग आणि सोइंग टेक्नॉलॉजी हे वर्षाचे ट्रेड आहेत. त्यानंतर आपल्याच गावातल्या कारखान्यांत पॅटर्न (कपड्याचा कागदी खाका), ग्रेडिंग (त्यावरून लहान-मोठी मापं काढणं), मार्कर (कापडावर पिसांची मांडणी), क्वालिटी, कॉस्टिंग अशी कामं आहेत. शिलाईला बसलं की पीस रेट, हात चालला तेवढे पैसे, आजारी पडलं की शून्य. कटिंगला आणि पॅटर्नला महिन्याचा पगार. हा फरक सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला कोणी सांगत नाही. तिला मशिनवर बसवतात, ती आयुष्यभर मशिनवरच बसते, कारण कटिंगचं टेबल पुरुषांचं असं धरलेलं. मला अजूनही नवखे कामगार विचारतात, "मास्तर कुठायत?" मी म्हणते, "बोला की."

ज्या पोरीला या धंद्यात वर जायचंय तिला माझं सांगणं असं: शिवता येतंच, आता कागदावर काढायला शिका. एका मापाचा पॅटर्न काढता आला की त्याची लहान-मोठी मापं ग्रेडिंगनं कशी काढायची ते शिका. संगणकावर मार्कर लावायला शिका. आणि ॲव्हरेज काढायला शिका, म्हणजे एका नगाला कापड किती लागेल, वाया किती जाईल. हा आकडा ज्याला बरोबर सांगता येतो त्याच्याशी मालक खुर्ची देऊन बोलतो. भरतकाम, ब्लॉक प्रिंट, ते सगळं छान आहे, मनाला आनंद देतं. पगार मात्र ॲव्हरेजवाल्याला आधी वाढतो, मी कैक जणांचा बघितलाय.

तक्रार पुरे झाली, आता मागणी. त्या पानावरचा एक कोपरा, जाहिरातीएवढा, आम्हाला द्या. दर रविवारी एक खाका छापा. आम्ही सगळ्या शिंपिणी पेपर-कटिंग जुन्या वर्तमानपत्रावरच शिकतो, मग पॅटर्न थेट वर्तमानपत्रातच का नको? मी आपल्या पानाची रुंदी टेपनं मोजून बघितली, कुर्त्याच्या पुढच्या भागाचा अर्धा वरचा पीस, गळा, खांदा आणि मुंढ्यासकट, प्रत्यक्ष मापात त्यात बसतो. छाती ३२, ३६ आणि ४० अशा तीन रेषा एकात एक काढता येतील, एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. बाहीचा खाका पुढच्या रविवारी. काढून मी देते, पैसे नकोत. फक्त छापताना तो लहान-मोठा करू नका, कडेला दहा सेंटिमीटरची पट्टी छापा म्हणजे बायांना ताडून बघता येईल, आणि त्या भागाला शाई जरा कमी वापरायला सांगा. पांढऱ्या अस्तरावर ती उतरते आणि मग रॉकेल लावलं तरी निघत नाही.

आपली,
एक कटिंग मास्तर
पूर्व भाग, सोलापूर
(नाव छापू नये, ही विनंती. गिऱ्हाइकं आपापले मुंढे घेऊन भांडायला येतील.)